आठ न्यायमूर्तींचं एक वाक्य

खरक सिंगला १९४१ साली दरोड्याच्या एका गुन्ह्यात पकडलं होतं. पुरावा मिळेना म्हणून सोडूनही दिलं. पण उत्तर प्रदेश पोलिसांनी त्याच्या नावाची हिस्टरी शीट, म्हणजे पाळतीसाठी ठेवायची नोंद, उघडली, आणि तेव्हापासून त्याच्या घराचं दार त्याचं एकट्याचं राहिलं नाही. त्याने सर्वोच्च न्यायालयात केलेल्या अर्जातली तक्रार अगदी साधी होती. गावचा चौकीदार आणि कधी पोलीस शिपाई रात्री घरात येतात, दार ठोठावतात, ओरडून उठवतात, झोपमोड करतात. कितीदा तर उठवून ठाण्यावर हजेरीला नेतात. परगावी जायचं तर कुठे चाललो, कधी परतणार, हे आधी सांगावं लागतं.

१८ डिसेंबर १९६२ रोजी सहा न्यायमूर्तींच्या पीठाने या अर्जावर निकाल दिला. प्रश्न होता पोलीस नियमावलीतल्या कलम २३६ चा. त्यात पाळतीचे प्रकार एकाखाली एक दिले होते: घरावर गुप्त पहारा, रात्रीच्या घरभेटी, वेळोवेळी चौकशी, ये-जा कळवणं, तिची पडताळणी. बहुमताचा निकाल न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी लिहिला. त्यांनी रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या. त्यासाठी माणसाचं घर हाच त्याचा किल्ला, हे १६०४ सालच्या इंग्लिश निवाड्यातलं तत्त्व घेतलं, आणि पोलिसांच्या दारावरच्या थापेबद्दलचा एक अमेरिकन निकालही उद्धृत केला. तो अमेरिकन निकाल खासगीपणाबद्दलच होता. मग त्याच निकालपत्रात, बाकीच्या पाळतीकडे वळल्यावर, बहुमताने म्हटलं की खासगीपणाचा हक्क आपल्या घटनेने दिलेला नाही, त्यामुळे माणूस कुठे येतो-जातो याची माहिती काढल्याने मूलभूत हक्काचा भंग होत नाही.

या दोन गोष्टी एका निकालपत्रात नांदूच शकत नाहीत. खासगीपणाला घटनेचं संरक्षण नसेल, तर रात्रीची थाप कशाच्या आधारावर रद्द केली? न्या. सुब्बा राव आणि न्या. शाह यांना हे दिसत होतं. त्यांनी वेगळं निकालपत्र लिहून सांगितलं की खासगीपणा हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि पूर्ण कलम २३६ रद्द व्हायला हवं. पण ते दोघे होते आणि समोर चार.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतोही. पूर्वनिर्णय, म्हणजे आधीच्या खटल्यात दिलेला निकाल, न्यायालयाला बांधतो म्हणजे नेमकं काय, असा प्रश्न आला की मी व्याख्या सांगत नाही. मी खरक सिंगपासून सुरू होऊन २०१७ पर्यंत जाणारी ही वाट पूर्ण चालायला लावतो. कारण या वाटेवर पूर्वनिर्णयाचं सगळं बळ दिसतं आणि सगळी अडचणही.

आधी थोडं मागे जायला हवं. खरक सिंगच्या निकालाच्या आठ वर्षं आधी, १५ मार्च १९५४ रोजी, एम. पी. शर्मा प्रकरणाचा आठ न्यायमूर्तींचा निकाल लागला होता. दालमिया समूहातल्या एका विमान कंपनीच्या कारभाराची चौकशी चालू होती आणि दंडाधिकाऱ्यांच्या वॉरंटवर एकाच वेळी ३४ ठिकाणी झडत्या झाल्या होत्या. कागदपत्रं जप्त केली. कंपनीच्या बाजूने मुद्दा असा मांडला की झडती घेऊन कागद काढणं म्हणजे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं, आणि घटनेच्या कलम २० (३) मध्ये त्याला मनाई आहे. न्यायालयाने हे मानलं नाही. झडती म्हणजे साक्षीची सक्ती नव्हे, इतकंच ठरवायचं होतं आणि ते ठरलं. पण निकालपत्र संपता संपता न्या. जगन्नाथदास यांनी आणखी एक वाक्य लिहिलं. त्याचा आशय असा: अवाजवी झडतीपासून संरक्षण देणाऱ्या अमेरिकेच्या चौथ्या घटनादुरुस्तीसारखा खासगीपणाचा हक्क आपल्या घटनाकारांनी दिलेला नसताना, तो ओढूनताणून एका वेगळ्याच हक्कात आणून बसवण्याचं काही कारण नाही.

घटनाकारांपुढे हा विषय आला होता, हे खरं आहे. मार्च १९४७ मधल्या डॉ. आंबेडकरांच्या मसुद्यात अवाजवी झडतीपासून संरक्षणाचं कलम होतं. पुढे घटना समितीत ३ डिसेंबर १९४८ रोजी मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशीच दुरुस्ती मांडली. ती मंजूर झाली नाही. एवढ्यावरून घटनेला खासगीपणाचं वावडं होतं, असा निष्कर्ष काढणं मला फार ताणलेलं वाटतं. झडतीबद्दलचं एक कलम घटनेत आलं नाही, इतकाच त्याचा अर्थ.

आता कोर्टातल्या कामाचा माणूस पहिला प्रश्न विचारील: हे वाक्य रेशो आहे की ऑबिटर? ज्या तर्काशिवाय निकाल उभाच राहिला नसता तो रेशो, आणि तोच पुढच्या न्यायालयांना बांधतो. जाता जाता मांडलेलं मत म्हणजे ऑबिटर. त्याला मान असतो, पण ते बंधन नसतं. माझी कसोटी सोपी आहे. ते वाक्य निकालपत्रातून खोडून बघायचं. एम. पी. शर्मामधलं खासगीपणाचं वाक्य खोडलं, तरी झडती म्हणजे साक्षीची सक्ती नाही हा निष्कर्ष जागचा हलत नाही. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणारं घटनेचं कलम २१ तर त्या प्रकरणात चर्चेलाही आलं नव्हतं. खरक सिंगचं मात्र तसं नाही. तिथे खासगीपणा हक्क नाही म्हणूनच बाकीची पाळत वैध ठरली होती. ते वाक्य काढलं की निकालाचा अर्धा भाग कोसळतो. म्हणजे एकाच आशयाची दोन वाक्यं: आठ जणांचं बहुधा ऑबिटर, आणि सहा जणांच्या पीठाचं बऱ्याच अंशी रेशो. ज्युनियर मंडळी जुन्या निकालाचा दाखला आणतात, हेडनोटमधली (निकालाच्या वर छापलेल्या सारांशातली) एक ओळ पिवळ्या मार्करने रंगवतात आणि ‘सर, हे आठ जजेसचं आहे’ म्हणतात, तेव्हा मी हा फरक दाखवतो.

तरीही आठ हा आकडा झटकून टाकता येत नाही. घटनेच्या कलम १४१ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालय स्वतः मात्र स्वतःच्या निकालाला कायमचं बांधलेलं नाही. हे त्याने १९५५ मध्येच बेंगॉल इम्युनिटी प्रकरणात ठरवलं आणि दोनच वर्षांपूर्वीचा मुंबई राज्याचा युनायटेड मोटर्स निकाल बाजूला सारला. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तिथलं सर्वोच्च न्यायालय तेच होतं) स्वतःला ही मोकळीक दिली ती १९६६ मध्ये. पण मोकळीक न्यायालयाला आहे, प्रत्येक पीठाला नाही. आपलं सर्वोच्च न्यायालय दोन-तीन न्यायमूर्तींच्या पीठांत विभागून बसतं. प्रत्येक पीठाने हवा तो जुना निकाल मोडायचा म्हटला, तर खालच्या न्यायालयाने कुणाचं ऐकायचं? म्हणून लहान पीठ मोठ्या पीठाला बांधलेलं असतं. दाऊदी बोहरा समाजाच्या, महाराष्ट्र शासनाविरुद्धच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी २००४ च्या डिसेंबरात हा नियम नेमकेपणाने मांडला: मोठ्या पीठाचं मत चूक वाटलं तर लहान पीठाने ते मोडायचं नाही, फार तर सरन्यायाधीशांकडे विनंती करायची, की हे मोठ्या पीठापुढे ठेवा.

आणखी एक बारकावा फारसा कुणी लक्षात घेत नाही. १९५४ मध्ये घटनेने ठरवलेली न्यायमूर्तींची कमाल संख्याच आठ होती. म्हणजे खासगीपणाचा प्रश्न फार गहन वाटला म्हणून आठ जण बसले नव्हते. सगळं न्यायालय बसलं होतं, ते झडतीच्या प्रश्नावर. पण पुढे न्यायालय वाढलं आणि तो आकडा नंतरच्या प्रत्येक पीठाच्या डोक्यावर टांगलेला राहिला.

दरम्यान कायदा थांबून राहिला नव्हता. १९७० मध्ये बँक राष्ट्रीयीकरणाच्या प्रकरणात, मुंबईच्या रुस्तम कूपर यांच्या अर्जावर, अकरा न्यायमूर्तींनी मूलभूत हक्क म्हणजे एकमेकांपासून भिंतींनी तोडलेल्या खोल्या, ही जुनी समजूत मोडली. १९७८ मध्ये मनेका गांधी प्रकरणात ते आणखी पक्कं झालं. खरक सिंगचं बहुमत त्याच जुन्या समजुतीवर उभं होतं. पाया गेला होता, पण वरच्या मजल्यावर कुणी ‘पाडा’ असं लिहिलं नव्हतं.

या काळात लहान पीठांनी जे केलं ते मला नेहमी विचारात पाडतं. १९७५ मध्ये गोविंद प्रकरणात न्या. मॅथ्यू यांनी खासगीपणा हा हक्क आहे असं ठामपणे म्हटलं नाही. तो आहे असं गृहीत धरलं, आणि धरलं तरी सार्वजनिक हितासाठी त्यावर मर्यादा येईल, असं सांगून मध्य प्रदेश पोलिसांचे पाळतीचे नियम कायम ठेवले. पण पुढच्या निकालांत ‘गृहीत धरलं’ हे शब्द हळूहळू गळाले आणि ‘गोविंदमध्ये मान्य केलं’ असं लिहिलं जाऊ लागलं. १९९४ मध्ये राजगोपाल प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी आपल्याला एकटं राहू देण्याचा हक्क मानला. १९९६ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या अर्जावर दोन न्यायमूर्तींनी टेलिफोन टॅपिंगला आवर घालणारे नियम घालून दिले. महाराष्ट्रातल्या एका पोलीस निरीक्षकाच्या बडतर्फीच्या प्रकरणात तर, समाज जिच्याकडे बोट दाखवतो अशा स्त्रीच्याही घरात मर्जीनुसार घुसण्याचा अधिकार कुणाला नाही, असं न्यायालयाने खडसावून सांगितलं. हे सगळं बरोबर आणि चांगलं होतं. फक्त दोन-तीन जणांच्या पीठांचं होतं, आणि खाली सहा आणि आठ जणांची दोन वाक्यं तशीच पडून होती.

चाळीस वर्षं ती कुणी उचलली नाहीत. २०१५ मध्ये सरकारने उचलली.

कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधार योजनेला आव्हान दिलं होतं. बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांचं चित्र सक्तीने घेणं हा खासगीपणाचा भंग आहे, हा एक मुख्य मुद्दा. तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे सुनावणी चालू असताना ॲटर्नी जनरल मुकुल रोहतगी यांनी मूळच उपटलं: खासगीपणा मूलभूत हक्क आहे हेच ठरलेलं नाही. आठ आणि सहा न्यायमूर्तींच्या पीठांनी नाही म्हटलं आहे. नंतरच्या लहान पीठांना उलट बोलण्याचा अधिकारच नव्हता.

तेव्हा अनेकांना या युक्तिवादाचा राग आला. मलाही आला. पण विचार केल्यावर मला तो नियमाला धरून वाटला, आणि आजही वाटतो. सरकारी वकिलाने जे मांडलं ते पूर्वनिर्णयाच्या शिस्तीतलंच होतं. आपल्याला निकाल आवडतो म्हणून शिस्त सैल करायची आणि नावडला की आवळायची, असं करून चालत नाही. उद्या एखादं दोन न्यायमूर्तींचं पीठ आपल्याला हवा असलेला नऊ जणांचा निकाल असाच बाजूला सारील, तेव्हा आपण कोणत्या तोंडाने तक्रार करणार?

न्या. चेलमेश्वर, न्या. बोबडे आणि न्या. नागप्पन यांच्या पीठाने ११ ऑगस्ट २०१५ रोजी जो आदेश दिला, तो मी विद्यार्थ्यांना पूर्ण वाचायला लावतो. त्यात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत. त्या जुन्या वाक्यांचा शब्दशः अर्थ घेतला तर कलम २१ मधलं त्राणच जाईल, हे त्यांनी उघड म्हटलं. आणि तरीही मोठ्या पीठांचं म्हणणं लहान पीठांनी कारण न देता डावलू नये, हे न्यायालयीन शिस्तीचं तत्त्व सांगून त्यांनी प्रकरण वर पाठवलं. त्यांच्यापुढे सोपी वाट होती. एम. पी. शर्मातलं वाक्य ऑबिटर आहे, खरक सिंगचा पाया कूपर आणि मनेका गांधी यांनी काढून घेतला आहे, असं लिहून त्यांना पुढे जाता आलं असतं. तर्क बरोबर ठरला असता, पण वाद मिटला नसता. प्रत्येक नव्या खटल्यात तेच आठ आणि सहा पुन्हा उभे राहिले असते.

या शिस्तीची किंमतही पडली. प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवलं ऑगस्ट २०१५ मध्ये, आणि मोठं पीठ बसलं जुलै २०१७ मध्ये. त्या दोन वर्षांत आधारची नोंदणी चालूच होती. बोटांचे ठसे एकदा दिले की परत घेता येत नाहीत. ही दिरंगाई शिस्तीच्या खात्यावर मांडायला मी तयार नाही. पीठ बसवणं हे प्रशासनाचं काम आहे आणि ते त्याच महिन्यात होऊ शकलं असतं.

१८ जुलै २०१७ रोजी पाच न्यायमूर्ती बसले, आणि त्यांनी त्याच दिवशी ठरवलं की नऊ हवेत. आठाच्या वर नऊ. दुसऱ्या दिवशीपासून सुनावणी, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी निकाल. सहा निकालपत्रं, ५४७ पानं, आणि नऊही जणांचं एकच उत्तर: खासगीपणा हा कलम २१ मधल्या जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा अंगभूत भाग आहे. एम. पी. शर्मा आणि खरक सिंग हे निकाल, खासगीपणाला घटनेचं संरक्षण नाही असं म्हणण्यापुरते, रद्द. त्या ‘पुरते’ शब्दाकडे नीट पाहावं. झडती म्हणजे साक्षीची सक्ती नाही, हा एम. पी. शर्माचा मूळ निष्कर्ष त्यांनी मोडला नाही. खरक सिंगमधली रात्रीच्या घरभेटींवरची बंदीही कायम राहिली. जुना निकाल मोडताना हात किती आवरावा लागतो, ते इथे शिकता येतं. आणि खरक सिंगनंतर लहान पीठांनी जे म्हटलं होतं, तेच बरोबर होतं, असंही आदेशात स्पष्ट लिहिलं. १९६२ चे ते दोघे, सुब्बा राव आणि शाह, पंचावन्न वर्षांनी बहुमतात आले.

याच निकालात आणखी एक जुनं ओझं उतरलं. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, एडीएम जबलपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असं ठरवलं होतं की आणीबाणीच्या आदेशामुळे स्थानबद्ध माणसाला हेबिअस कॉर्पससाठी, म्हणजे बेकायदा कोठडीतून सुटकेसाठी, न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही. त्याआधी नऊ उच्च न्यायालयांनी उलट मत दिलं होतं, त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठही होतं. ती सगळी मतं त्या दिवशी पुसली गेली. विरोधात होते एकटे न्या. हंसराज खन्ना. बहुमतातल्या चौघांत पुण्यात जन्मलेले न्या. यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये तो निकाल मुळातच सदोष होता असं लिहून रद्द करणारं निकालपत्र त्यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचं आहे. वृत्तपत्रांनी बाप-लेकाची बातमी केली. मला त्याहून महत्त्वाचं हे वाटतं की तो निकाल ४१ वर्षं पुस्तकात तसाच छापलेला होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असं केलं, म्हणून त्याचे दात पडले होते. पण जगण्याचा हक्क घटनेने दिला म्हणूनच असतो, ती नसती तर नसता, हा त्यामागचा विचार कुणी औपचारिकपणे मोडला नव्हता.

इथे चिकित्सक वाचक मला माझीच कसोटी लावील: एडीएम जबलपूर रद्द करणं नऊ जणांपुढच्या प्रश्नासाठी गरजेचं होतं का? ते परिच्छेद खोडले तर खासगीपणाचा निष्कर्ष हलतो का? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की हक्क घटनेने बहाल केलेले की माणसाला उपजत असलेले, हा वाद खासगीपणाच्या प्रश्नाच्या मुळाशीच होता. सरकारचं म्हणणंच होतं की घटनेत लिहिलेलं नाही म्हणून हक्क नाही. त्या म्हणण्याचा सर्वांत मोठा आधारस्तंभ जबलपूर होता. तो पाडल्याशिवाय पुढचं बांधकाम भक्कम झालं नसतं. शिवाय हे एकट्याचं मत राहिलं नाही. न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रावर आणखी तिघांच्या सह्या आहेत, आणि न्या. कौल यांनी आपल्या वेगळ्या निकालपत्रात या मुद्द्यावर स्पष्ट सहमती दिली आहे. नवात पाच झाले.

नऊ जणांचा निकाल खाली कसा झिरपतो ते पाहायला दिल्लीला जावं लागत नाही. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींपुढे एका उद्योजकाची याचिका होती. सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याला कर्जासाठी १० लाख रुपयांची लाच दिल्याचा आरोप होता, आणि पुरावा म्हणून त्याच्या टेलिफोनचं टॅपिंग होतं. केंद्रीय गृह खात्याचे तीन आदेश, २००९ चे दोन आणि २०१० चा एक. तेव्हाच्या टेलिग्राफ कायद्यात टॅपिंगला दोनच कारणं चालत: सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता. लाचेच्या आरोपात यातलं एकही दाखवता आलं नाही. तपास यंत्रणेने मग जुने दाखले काढले, की पुरावा बेकायदा मार्गाने मिळाला तरी तो ग्राह्य धरता येतो. त्यातला मुख्य दाखला १९७३ चा, पूरनमल प्रकरणाचा, पाच न्यायमूर्तींचा. आणि पूरनमलमध्ये आधाराला घेतलं होतं एम. पी. शर्मामधलंच ते वाक्य.

२०१५ मधला युक्तिवाद मान्य झाला असता, तर टॅपिंगवरचा १९९६ चा दोन न्यायमूर्तींचा निकालही डळमळला असता आणि या याचिकेला उभं राहायला जागाच उरली नसती. मुंबईच्या खंडपीठाने १९९६ चा निकाल आणि त्यावर आता नऊ जणांचा शिक्का, असं दोन्ही समोर ठेवलं. तिन्ही आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितलं.